नसबंदी करून घ्यायचं ठरवताय? आधी, त्या दिवशी आणि नंतरचे तीन महिने

माझी नसबंदी झाली त्याला आता चार वर्षं होतील. टेबलावर मी जेमतेम वीस मिनिटं होतो. पण ती शस्त्रक्रिया पुरी झाली ती 18 आठवड्यांनी, दुसऱ्या तपासणीच्या कागदावर 'शुक्राणू आढळले नाहीत' असं लिहून आलं त्या दिवशी. मधल्या काळात एका रात्री आम्ही दोघं अगदी थोडक्यात वाचलो. नसबंदीबद्दल जो तो दुखतं का, ताकद जाते का, एवढंच विचारतो. त्या 18 आठवड्यांबद्दल मला कुणीच विचारलं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

मी पंप आणि मोटरी दुरुस्त करतो. डॉक्टर नाही. जे सांगतोय ते स्वतः अनुभवलेलं, माझ्या डॉक्टरांनी समजावलेलं आणि नंतर वाचून खात्री करून घेतलेलं आहे. तुमच्या तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आधी घरात बोला, आणि नीट बोला

दुसऱ्या बाळंतपणात माझ्या बायकोचं ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. त्यानंतर तिला नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या चालणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, कारण त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे ब्लडप्रेशर असलेल्या बाईला धोका वाढतो. तांबी बसवून पाहिली, तर पाळीत रक्तस्राव इतका वाढला की ती काढावी लागली. आम्ही निरोधवर आलो. तेव्हा ती म्हणाली, "आता माझंच ऑपरेशन करून टाकू." मी गप्प बसलो. दोन बाळंतपणं तिनं काढली, गोळ्या तिनं घेतल्या, तांबी तिनं सोसली आणि आता पोट उघडायलाही तिनंच जायचं, हे माझ्या मनाला पटेना.

बाईच्या शस्त्रक्रियेत गर्भनलिकांपर्यंत पोचायला पोटाच्या आत जावं लागतं. भूलही कित्येकदा मोठी द्यावी लागते. पुरुषाच्या शुक्राणू नेणाऱ्या नळ्या कातडीखाली लगेच, बोटांना लागतात इतक्या वर असतात. तेवढीच जागा बधिर केली की काम होतं. धोका कमी, वेळ कमी, आणि खात्रीही जास्त. वर्षभराचा हिशेब धरला तर रोजच्या वापरातल्या सगळ्या चुका मोजून निरोध वापरणाऱ्या 100 जोडप्यांपैकी साधारण 13 जणांकडे दिवस राहतात. बाईच्या नसबंदीनंतर हे प्रमाण 1000 मध्ये 5 च्या आसपास आहे, पुरुषाच्या नसबंदीनंतर 1000 मध्ये एक किंवा दोन.

आकडे पाहून मी लगेच तयार झालो. बायको नव्हती. ती म्हणाली, "माझ्यावर उपकार म्हणून करणार असाल तर नका करू. उद्या भांडण झालं की तेच काढाल." तिचं खरं होतं. आम्ही धाकटीचा पहिला वाढदिवस होईपर्यंत थांबलो. तेवढ्या काळात आम्ही एकमेकांना ते प्रश्न विचारले जे विचारायला जीभ रेटत नाही. या मुलांपैकी एखाद्याचं बरंवाईट झालं तर? मी गेलो किंवा ती गेली आणि मागे राहिलेल्यानं पुन्हा लग्न केलं तर? आणखी एक मूल हवं होतं असं पाच वर्षांनी वाटलं तर? हे सगळं डोळ्यांसमोर आणूनही उत्तर 'नको' असंच येत असेल, तरच पुढे जा.

माझं स्पष्ट मत सांगतो. घरात कटकट चालू असताना, बाळंतपण किंवा गर्भपात होऊन दोन-चार आठवडेच झालेले असताना, नोकरी गेल्याच्या धसक्यात, किंवा कुणाच्या दबावाखाली हा निर्णय घेऊ नका. तिशीच्या आत केलेल्यांना पुढे पस्तावा होण्याचं प्रमाण जास्त असतं. तुमचं वय कमी असेल तर थांबण्यात काही बिघडत नाही. काही प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, निरोध आहेच. 'पुढे वाटलं तर जोडून घेऊ' हा विचार मनात असेल तर तुम्ही अजून तयार झालेला नाही असं समजा.

जोडायची शस्त्रक्रिया असते. पण ती सूक्ष्मदर्शकाखाली करावी लागते, कित्येक तास चालते, खर्चिक असते, आणि नळी जोडली गेली तरी मूल होईलच असं कुणी सांगू शकत नाही. जितकी वर्षं मध्ये गेली तितकी आशा कमी. बऱ्याच पुरुषांच्या शरीरात नसबंदीनंतर स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात, तीही आड येऊ शकतात. काही जण आधी शुक्राणू गोठवून ठेवतात. तो मार्ग आहे, पण माझ्या मते ज्याला तो लागणार असं वाटतं त्यानं नसबंदीचाच पुन्हा विचार करावा.

आत नेमकं काय करतात

दोन्ही वृषणांत शुक्राणू तयार होतात. तिथून ते मागच्या बाजूला चिकटलेल्या अधिवृषणात जाऊन पक्व होतात, मग शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून वर चढतात. ही नळी वृषणाच्या पिशवीतून जांघेकडे, तिथून पोटात, मूत्राशयाच्या मागून वळसा घेऊन प्रोस्टेटपाशी येते. तिथे वीर्याचा बाकीचा द्रव त्यात मिसळतो. वृषणाच्या पिशवीत वरच्या बाजूला बोटांच्या चिमटीत धरून पाहा, शिजलेल्या शेवईपेक्षा टणक, दोरीसारखं काहीतरी हाताला लागेल. तीच ती. दोन बाजूंना दोन.

डॉक्टर ही नळी कापतात, बहुधा मधला छोटा तुकडा काढतात, टोकं बांधतात किंवा आतून जाळून बंद करतात. चांगले डॉक्टर आणखी एक गोष्ट करतात, दोन टोकांच्या मध्ये आजूबाजूच्या ऊतीचा पातळ पडदा ओढून घेतात. टोकं समोरासमोर राहिली तर क्वचित पुन्हा जुळू शकतात, पडदा मध्ये असला की ते अवघड होतं. आतून जाळणं आणि वर हा पडदा, ही जोडी नुसत्या बांधण्यापेक्षा भरवशाची आहे. तुमचे डॉक्टर कोणत्या पद्धतीनं करतात हे आधी विचारा. विचारायला लाजू नका, मीही विचारलं, आणि त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम 2 ते 5 टक्के असतो. बाकीचा सगळा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेटमधून येतो, आणि ते दोन्ही कापलेल्या जागेच्या पुढे आहेत. त्यामुळे वीर्य पूर्वीसारखंच येतं. रंग, प्रमाण, दाटपणा यांत फरक कळत नाही. निदान मला आणि बायकोला कळला नाही. वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात, पण वाट बंद असल्यामुळे ते तिथेच विरतात आणि शरीर ते शोषून घेतं. शरीरात रोज कितीतरी पेशी अशाच जुन्या होऊन विरत असतात, तसंच हे.

ताकदीचं काय, हा प्रश्न मला कामावरच्या मित्रानं विचारला होता. "अरे, मोटरी उचलायचं काम आपलं. तू उद्या ढिला पडलास तर?" त्याच्या डोक्यात नसबंदी आणि खच्चीकरण एकच होतं. अनेकांच्या डोक्यात असतं, म्हणून स्पष्ट सांगतो. खच्चीकरणात वृषणच काढून टाकतात किंवा निकामी करतात. नसबंदीत वृषणाला हातही लावत नाहीत. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, वृषणातून थेट रक्तात मिसळतं. ते शुक्रवाहिनीतून जातच नाही. नळी बंद झाली तरी रक्तवाहिन्या चालू आहेत. दाढी, आवाज, इच्छा, ताठरता, सगळं त्या संप्रेरकावर आणि नसांवर अवलंबून असतं आणि ते सगळं जागच्या जागी राहतं. मी आजही चाळीस किलोची मोटर उचलतो. फक्त शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी उचलायला नको होती, ते पुढे सांगतो.

त्या दिवसाची तयारी

डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत तपासणी होते. लहानपणी वृषण खाली न उतरल्यामुळे किंवा हर्नियासाठी शस्त्रक्रिया झाली असेल, पिशवीत पाणी भरलेलं असेल, शिरा फुगलेल्या असतील, तर ते आधी सांगा. अशा वेळी नळी सापडायला अवघड जाते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, एखादी जखम थांबता थांबत नसेल, पूर्वी दाताच्या वेळी बधिर करायच्या इंजेक्शननं त्रास झाला असेल, तेही सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, हृदयासाठी चालू असेल तर ती बंद करणं नसबंदीपेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टर ठरवतील.

आदल्या दिवशी त्या भागावरचे केस कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक करून घ्या. वस्तरा फिरवला तर कातडीला बारीक चिरा पडतात. सकाळी साबणानं आंघोळ करा. घट्ट बसणारी, वृषणांना खालून आधार देणारी चड्डी बरोबर न्या, येताना तीच घालायची असते. परत येताना स्वतः गाडी चालवू नका. माझ्याबरोबर मेहुणा आला होता. बाहेर बाकड्यावर बसून होता आणि येताना एक शब्द बोलला नाही, त्याचे मी आजही आभार मानतो.

माझी बिनटाका पद्धतीची होती. ही पद्धत चीनमधले डॉक्टर ली शुनच्यांग यांनी 1974 मध्ये काढली आणि तिथून ती जगभर गेली. तीत सुरीनं चीर देत नाहीत. नळी कातडीवरूनच चिमट्याच्या गोल टोकात पकडतात, मग टोकदार चिमट्यानं कातडीला छोटं भोक पाडून ते रुंदावतात आणि नळीचा वळसा बाहेर ओढून काम करतात. टाके घालावे लागत नाहीत. चिरून करण्याच्या पद्धतीपेक्षा रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि दुखणं कमी असतं.

खोली गार असेल तर पिशवी आक्रसते आणि नळी पकडायला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी आधी पंखा बंद केला. मी छताकडे पाहत होतो. इंजेक्शन टोचलं तेव्हा मुंगी कडकडून चावावी तशी कळ आली, मग दहा-पंधरा सेकंद आग, आणि मग तो भाग माझा नाहीच असं वाटायला लागलं. त्यानंतर टोचल्यासारखं काही जाणवलं नाही. पण नळी ओढली तेव्हा बेंबीच्या खाली, पोटात खोल, कुणीतरी दोरी खेचावी तसा ताण आला. दुखणं म्हणता येणार नाही, पण विचित्र. मळमळल्यासारखं झालं. डॉक्टरांना सांगितलं तर ते थांबले, म्हणाले, "लांब श्वास घ्या, होतं असं." काही जणांना तिथे घेरी येते. उठायची घाई करू नका. दुसऱ्या बाजूला मला पुन्हा थोडं दुखलं, मी सांगितल्यावर त्यांनी आणखी औषध टोचलं. सहन करत पडून राहण्यात काही शौर्य नाही. दुखलं तर बोला.

शेवटी एक छोटी पट्टी चिकटवली. मी वाकून पाहिलं, भोक शर्टाच्या बटणाएवढंही नव्हतं.

पहिला आठवडा

पहिले दोन दिवस पडून राहा. टेकून बसा, पाय वर घ्या, पण उगीच फिरू नका. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं ठेवायची, मग तासाभरानं पुन्हा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. घट्ट चड्डी रात्रंदिवस ठेवायची, झोपतानाही. वृषणं लोंबकळली की आतल्या जखमेवर ताण येतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखायची वाट पाहायची नाही. आंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते, पण पाण्यात बुडून बसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी निळा-जांभळा डाग पडला. घाबरलो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की साकळलेलं रक्त कातडीखाली पसरतं, आठ-दहा दिवसांत पिवळट होऊन जाईल. तसंच झालं.

चौथ्या दिवशी मला एकदम बरं वाटायला लागलं. इथेच चूक होते. पाचव्या दिवशी मी कामावर गेलो आणि एका ओळखीच्या माणसाची मोटर खालून बाकावर घेतली. एकदाच. दुपारपर्यंत उजवी बाजू सुजून लिंबाएवढी झाली, आणि चालताना पाय फाकवावे लागले. आत बारीक रक्तवाहिनीतून रक्त झिरपून गोळा झालं होतं. सुदैवानं थोडंच होतं. आठवडाभर पुन्हा बर्फ, पुन्हा पडून राहणं. वजन उचलण्याचं, शिडी चढण्याचं, सायकल मारण्याचं काम असेल तर सात दिवस पुरे मोजा, आणि माझ्यासारखं अंगमेहनतीचं असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी घ्या. बैठं काम दोन-तीन दिवसांत सुरू करता येतं.

शंभर जणांत एखाद-दोघांना रक्त साकळणं किंवा जंतुसंसर्ग होतो. सूज तासातासानं वाढत असेल, ताप 38 सेल्सिअसच्या वर गेला असेल, भोकातून पू येत असेल, रक्त थांबत नसेल किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.

संबंध साधारण आठवड्यानं, दुखत नसेल तर. पहिल्या एक-दोन वेळा वीर्यात तांबूस झाक दिसू शकते, घाबरू नका. पण निरोध वापरायचा. आता त्याचंच.

कागद येईपर्यंत नसबंदी झालेली नाही

पंपाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर नळाला लगेच पाणी यायचं थांबत नाही. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपात जे भरलेलं असतं ते येतच राहतं. डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा पुढचं काही समजावून घ्यावं लागलं नाही. कापलेल्या जागेच्या पुढे नळीचा लांबलचक भाग आणि तिची फुगीर टोकं शिल्लक राहतात, आणि तिथे जिवंत शुक्राणू साठलेले असतात. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पुरुष आदल्या दिवसाइतकाच बाप होऊ शकतो.

तो साठा रिकामा व्हायला वेळही जावा लागतो आणि वीर्य बाहेरही पडावं लागतं. निदान तीन महिने, आणि निदान वीस वेळा, असं सांगतात. नुसते दिवस मोजून चालत नाही. बायको माहेरी गेली आणि तीन महिने काहीच झालं नाही, तर साठा तसाच राहू शकतो. हस्तमैथुन केलं तरी मोजणीत धरा.

आमच्या घरातली ती रात्र पाचव्या आठवड्यातली. निरोध संपले होते. मी म्हणालो, "आता एवढे दिवस झाले, काही होत नाही." ती उठून बसली आणि म्हणाली, "कागद आला का?" एवढंच. मी काही बोललो नाही, दिवा लावला आणि पाणी पिऊन झोपलो. बाराव्या आठवड्यात तपासणी केली, तर अहवालात शुक्राणू होते. थोडे होते, पण त्यातले काही हलत होते. बाराव्या आठवड्यात हे, तर पाचव्या आठवड्यात किती असतील याचा हिशेब मी अहवाल हातात धरून तिथेच उभ्या उभ्या केला. तिच्या त्या ब्लडप्रेशरवर तिसरं बाळंतपण आलं असतं.

तपासणीबद्दल नीट लक्षात ठेवा. नमुना स्वच्छ, रुंद तोंडाच्या, लॅबनं दिलेल्या डबीत घ्यायचा. निरोधमध्ये घेऊ नका, त्यावरच्या औषधानं शुक्राणू मरतात आणि अहवाल खोटा येतो. थुंकी किंवा तेल वापरू नका. नमुना पूर्ण यायला हवा, थोडा सांडला तर तसं सांगा. घरून नेत असाल तर डबी खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, आणि तासाभरात पोचवा. हलणारे शुक्राणू दिसतात की नाही हे ताज्या नमुन्यातच कळतं. लॅबला हे नसबंदीनंतरच्या तपासणीसाठी आहे असं आधी सांगून ठेवा. मी नुसती वीर्यतपासणी असं म्हणालो होतो, त्यांनी मूल होत नसलेल्या जोडप्यासाठी करतात तशी तपासणी करून दिली आणि अहवालावर 'संख्या कमी' असं लिहिलं. डॉक्टरांना ते वाचून अर्थ लावावा लागला.

एकही शुक्राणू नसेल तर काम झालं. काही वेळा अगदी थोडे, मेलेले, न हलणारे दिसत राहतात. मिलिलीटरला एक लाखापर्यंत, आणि सगळे न हलणारे, तर बहुतेक डॉक्टर ते पुरेसं मानतात. हलणारा एक जरी असला तरी निरोध सोडायचा नाही आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सहा महिन्यांनीही हलणारे दिसत असतील तर शस्त्रक्रिया फसली असं धरून पुन्हा करावी लागते. माझी दुसरी तपासणी 18 व्या आठवड्यात झाली, आणि तेव्हा शून्य आलं.

शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी खूप जण ही तपासणी करतच नाहीत. वेळ नाही, डबी घेऊन जायची लाज, आता काय व्हायचंय असं वाटणं. ज्याच्यासाठी सगळं केलं तीच गोष्ट तपासायची राहते. मला हे खरंच समजत नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेताना तपासणीची तारीखही लिहून घ्या, घरच्या कॅलेंडरवर, जिथे बायकोलाही दिसेल तिथे.

पुढे कधी काही दुखलं, किंवा दिवस गेले तर

शंभरात एक-दोघांना वृषणात दीर्घकाळ दुखत राहतं, इतकं की जगण्यात अडथळा येतो. त्याला उपाय आहेत, औषधं आहेत, आणि अगदीच नाही जमलं तर पुन्हा शस्त्रक्रियाही आहे, पण हा धोका नाही असं कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. कापलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ लागणं मात्र नेहमीचं आहे. तिथे शुक्राणू झिरपून गोळा झालेले असतात, बहुधा काही करावं लागत नाही, पण एकदा दाखवून घ्या. नसबंदीनं प्रोस्टेटचा कर्करोग होतो, हृदय बिघडतं असं ऐकाल. आजवरच्या अभ्यासांतून तसं कारण सिद्ध झालेलं नाही.

आणि नसबंदी संसर्गजन्य लैंगिक आजारांपासून वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

शेवटचं एक सांगतो, कारण यावरून घरं मोडलेली मी ऐकली आहेत. तपासणीत शून्य आल्यानंतरही, कित्येक वर्षांनी, दोन टोकांच्या मधून बारीक वाट तयार होऊन शुक्राणू पुन्हा यायला लागतात, असं साधारण 2000 पुरुषांत एकाचं होतं. दुखत नाही, कळत नाही, वीर्य दिसायला तसंच. बायकोची पाळी चुकली आणि तपासणीत दिवस गेल्याचं आलं, तर पहिला विचार कुठे जातो हे मला ठाऊक आहे. तसं झालं तर तिला एक शब्दही विचारायच्या आधी डबी घेऊन लॅबमध्ये जा आणि स्वतःचं वीर्य तपासून घ्या.